रॉकेटचा बिघडलेला रंग काढताना प्लास्टिक कसं वाचवायचं?

मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. रॉकेटच्या टोकावर, म्हणजे नोजकोनवर, रंगाचा पहिला थर छान बसलेला असतो. दुसरा मारला की दोन मिनिटांत रंग आकसायला लागतो, सुरकुत्या पडतात आणि गुळगुळीत टोकाची पार रया जाते. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक म्हणतो, अल्कोहोलमध्ये बुडवून ठेव. दुसरा गाडीचं ब्रेक ऑइल सुचवतो, तिसरा ओव्हन क्लीनर. चौथा म्हणतो, कशाला एवढा व्याप, थिनरने पूस आणि मोकळा हो.

चौथ्याचं ऐकलं तर रंगासोबत नोजकोनही हातचा जातो. पहिल्या तिघांचं ऐकलं तर कधी काम फत्ते होतं, कधी रात्रभर भिजवूनही रंग ढिम्म हलत नाही. गंमत म्हणजे तिघेही खोटं बोलत नसतात. प्रत्येकाचा रंग वेगळा असतो आणि बहुतेक वेळा प्लास्टिकही वेगळं. ‘कोणता द्रव वापरू?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. या रंगाला सोडवेल पण या प्लास्टिकला हात लावणार नाही असा द्रव कोणता, असं विचारलं तर मात्र उत्तर मिळतं. त्यासाठी रंग आणि प्लास्टिक दोघांचीही थोडी ओळख करून घ्यावी लागते.

रॉकेटमध्ये प्लास्टिक असतं कुठे?

मॉडेल रॉकेटचा छंद अमेरिकेत १९५० च्या दशकात सुरू झाला. तिथल्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ची सुरक्षा नियमावली सांगते की नाक, धड आणि पंख हलक्या, धातू नसलेल्या वस्तूंचेच असावेत. त्यामुळे धड बहुधा जाड कागदाच्या नळीचं, पंख बाल्सा लाकडाचे किंवा प्लास्टिकचे, आणि टोकाचा नोजकोन बहुतेक वेळा प्लास्टिकचा. काही मॉडेलमध्ये शेपटीचे सगळे पंख एकाच साच्यातून काढलेले असतात, त्याला फिन कॅन म्हणतात.

रंग उतरवायला बसण्याआधी ही विभागणी डोक्यात पक्की हवी. खाली ज्या बुडवण्याच्या युक्त्या येतील त्या फक्त सुट्या प्लास्टिक भागांसाठी आहेत. कागदाची नळी बुडवली की तिचे वेटोळे सुटतात, बाल्सा फुगतो. फिन कॅन नळीला चिकटवून झाला असेल तर बुडवण्याचा मार्ग बंद झाला असं समजा आणि सरळ घासण्याच्या भागाकडे जा.

रंग सुकतो म्हणजे नक्की काय होतं?

कुठल्याही रंगात तीन मुख्य गोष्टी असतात. रंगछटा देणारी पूड, ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारा बाइंडर आणि हे सगळं पातळ ठेवणारा सॉल्व्हंट. सॉल्व्हंट म्हणजे विरघळवणारा द्रव, जो शेवटी उडून जातो. आपल्याला झगडायचं असतं ते बाइंडरशी. तो सुटला की पूड आपोआप निघते.

बाइंडर पक्का होण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत. लॅकर प्रकारच्या रंगात फक्त सॉल्व्हंट उडतो, बाइंडरमध्ये रासायनिक बदल असा काही होत नाही. पुन्हा योग्य सॉल्व्हंट मिळाला की तो विरघळतो. इनॅमलची, म्हणजे बोलीत ज्याला आपण ऑइल पेंट म्हणतो त्याची, गोष्ट निराळी. त्यातला सॉल्व्हंट उडून गेल्यावर बाइंडर हवेतला ऑक्सिजन घेतो आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन एक जाळं तयार होतं. कुंभाराचं कच्चं मडकं पाण्यात ठेवलं तर त्याचा पुन्हा चिखल होतो, भट्टीतून निघालेलं मडकं कितीही भिजवा, मडकंच राहतं. लॅकर हे कच्चं मडकं, इनॅमल हे भाजलेलं. ते विरघळत नाही. फार तर फुगवून सैल करता येतं किंवा रसायनाने त्याचं जाळं तोडावं लागतं.

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग या दोघांच्या मधले. त्यांच्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात, पाणी उडालं की ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो. सुकल्यावर पाण्याने निघत नाही, पण अल्कोहोलपुढे बहुधा नमतो. हार्डनर मिसळून वापरायचे दोन भागांचे रंगही असतात. ते एकदा पक्के झाले की प्लास्टिकला न दुखवता बुडवून काढायचा विचार सोडून द्यावा.

मग सुरकुत्या का पडल्या?

यातच त्याचं उत्तर आहे. इनॅमलचा थर वरून आधी पक्का होतो, कारण ऑक्सिजन वरून मिळतो. आत अजून मऊच असतं. अशा वेळी दुसरा थर मारला की त्यातला सॉल्व्हंट वरच्या पापुद्र्यातून आत झिरपतो, पापुद्रा फुगतो, त्याला पसरायला जागा हवी असते. कडेला सरकायला जागा नाही, म्हणून तो वर उचलला जातो आणि घड्या पडतात. स्प्रेच्या अनेक डब्यांवर ‘पुढचा थर तासाभरात द्या, नाहीतर ४८ तासांनंतर’ अशा अर्थाची सूचना असते ती यासाठीच. तासाभरात सगळा थर सारखाच ओला असतो, दोन दिवसांनी बराचसा पक्का झालेला असतो. अडचण मधल्या काळात. इनॅमलवर लॅकर मारला तर हाच प्रकार जास्त जोरात होतो, कारण लॅकरमधले सॉल्व्हंट जहाल असतात.

रंग बिघडण्याचे बाकीचे प्रकार पटकन पाहून घेऊ, कारण सगळ्यांवर औषध एक नाही. ओघळ आले असतील तर जाड थर हे कारण. गोल गोल खड्डे पडून आतलं प्लास्टिक दिसत असेल तर पृष्ठभागावर तेल, सिलिकॉन किंवा बोटांचा स्निग्धपणा होता. लॅकरवर पांढुरकी झाक आली असेल तर हवेतल्या दमटपणामुळे पाणी आत अडकलं आहे. आणि रंग पापुद्र्यासारखा अलगद सुटून येत असेल, तर दोष बहुतेक वेळा रंगाचा नसून प्लास्टिकच्या जातीचा असतो.

हे प्लास्टिक कोणतं?

नोजकोन आणि फिन कॅनसाठी मुख्यतः दोन घराण्यांतलं प्लास्टिक वापरतात. पहिलं पॉलिस्टायरिन आणि त्याचं नात्यातलं एबीएस. हे टणक, रंग छान धरणारं, प्लास्टिक मॉडेलच्या सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या गोंदाने, चिकटणारं. दुसरं पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिइथिलीन. हे किंचित मेणचट लागतं, वाकतं पण सहसा तुटत नाही, आणि याला ना सिमेंट चिकटतं ना रंग नीट बसतो. मोठे, पोकळ नोजकोन अनेकदा या घराण्यातले असतात.

ओळखायची सोपी परीक्षा पाण्याची. पॉलिप्रोपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, पॉलिइथिलीनचीही १ पेक्षा कमी, म्हणून दोन्ही पाण्यावर तरंगतात. पॉलिस्टायरिन आणि एबीएस १.०५ च्या जवळपास, म्हणून बुडतात. अख्खा नोजकोन पोकळ असल्याने तो तरंगणारच, त्यावरून काही कळणार नाही. त्याच्या बुडाशी जिथे साच्याची जादा कड असते तिथून नखाएवढी चिलटी कापा, रंग खरवडून काढा आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बोटाने खाली दाबून सोडा. लिक्विड यासाठी की चिलटीला चिकटलेला हवेचा बुडबुडा तिला खोटंच वर ठेवू नये.

आजकाल थ्रीडी प्रिंटरवर काढलेले नोजकोनही पुष्कळ दिसतात. त्यांच्यात पीएलए किंवा पीईटीजी असतं. यांचा स्वभाव वरच्या दोघांपेक्षा वेगळा, त्याबद्दल पुढे.

थिनरने प्लास्टिक का वितळतं आणि अल्कोहोलने का नाही?

रसायनशास्त्रातला जुना नियम आहे की सारखं सारख्यात विरघळतं. जोएल हिल्डेब्रँड या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ‘सारखं’ म्हणजे किती सारखं हे मोजायला एक आकडा दिला. त्याला विद्राव्यता अंक म्हणू. दोन पदार्थांचे अंक जितके जवळ, तितकी त्यांची एकमेकांत मिसळण्याची शक्यता जास्त.

पॉलिस्टायरिनचा अंक साधारण १८.६. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्यूइनचा १८.२. जवळजवळ जुळे भाऊच, म्हणून टोल्यूइनमध्ये पॉलिस्टायरिन सरळ विरघळतं. ॲसिटोनचा २० च्या जवळ. तो पॉलिस्टायरिन फुगवून चिकट करतो आणि एबीएसचा तर लगदाच करतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अंक २३.५, एथिल अल्कोहोलचा २६.५ आणि पाण्याचा थेट ४८ च्या आसपास. म्हणजे अल्कोहोल अशा अंतरावर उभं आहे जिथून ते अनेक रंगांच्या बाइंडरला गाठू शकतं, पण पॉलिस्टायरिनला नाही. आपल्याला हवी ती हीच फट.

हा एक आकडा सगळं सांगत नाही, हेही खरं. १९६७ मध्ये चार्ल्स हॅन्सन यांनी त्याचे तीन भाग पाडले, कारण रेणू एकमेकांना वेगवेगळ्या प्रकारे ओढतात. पण घरच्या टेबलावर एवढं पुरतं: प्लास्टिक चिकटवायच्या सिमेंटमध्ये जे सॉल्व्हंट असतात, त्याच घराण्यातलं काहीही रंग काढायला वापरायचं नाही. सिमेंट प्लास्टिकला विरघळवूनच तर चिकटवतं.

पॉलिप्रोपिलीनची कथा वेगळी. त्याच्या साखळ्यांचा बराच भाग घट्ट रचून बसलेला असतो, साध्या तापमानाला ॲसिटोनसुद्धा त्यात शिरू शकत नाही. त्यामुळे ‘मी ॲसिटोनने पुसला, काही झालं नाही’ असं सांगणारा खरंच बोलत असतो. त्याचा नोजकोन पॉलिप्रोपिलीनचा होता. तुमचा बुडालेल्या चिलटीचा असेल तर त्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

काय वापरावं, आणि कोणत्या क्रमाने?

सौम्यापासून सुरुवात करायची आणि गरज असेल तेवढंच चढायचं.

सगळ्यात आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला थोडक्यात आयपीए म्हणतात. शक्यतो ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. ७० टक्केवाल्यात पाणी इतकं असतं की रंगावरचा त्याचा जोर बराच ओसरतो. पाण्यातल्या ॲक्रिलिक रंगांवर आणि मॉडेलसाठीच्या बऱ्याच लॅकरवर हे चालतं. ताजं, काही दिवसांचं इनॅमलही कधी कधी सैल होतं. झाकणाच्या डब्यात भाग बुडवा, अर्ध्या तासाने पाहा. रंग सुरकुतत किंवा मऊ होत असेल तर मऊ टूथब्रशने घासा, राहिलेल्यासाठी पुन्हा बुडवा. पॉलिस्टायरिन, एबीएस, पॉलिप्रोपिलीन हे सगळे हे सहन करतात आणि पीएलएसुद्धा. पारदर्शक भाग मात्र यात बुडवू नका. ॲक्रिलिकच्या ताणलेल्या पारदर्शक तुकड्यावर अल्कोहोलने बारीक चिरांचं जाळं उमटतं, आणि ते परत जात नाही.

आयपीए ज्वालाग्राही आहे. १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच त्याची वाफ पेट घेण्याइतकी जमते, म्हणजे कुठल्याही सामान्य खोलीत ते पेटायला तयारच असतं. रॉकेटच्या छंदात टेबलावर मोटर, म्हणजे रॉकेट उडवणारी इंधनाची नळी, आणि ती पेटवणारे इग्नायटर पडलेले असण्याची शक्यता दांडगी. ते आधी दुसऱ्या खोलीत न्या. खिडकी उघडी, ज्योत नाही, द्रव गरम करण्याचे प्रयोग तर मुळीच नाहीत.

पक्क्या झालेल्या इनॅमलपुढे आयपीए हरतं. तिथे अल्कली लागते, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, कॉस्टिक सोडा. काही ओव्हन क्लीनर आणि तेलकटपणा काढणारे जोरदार डिग्रीसर यांच्यात तेच असतं. इनॅमलचा बाइंडर ज्या रासायनिक जोडांनी बांधलेला असतो त्यांना एस्टर म्हणतात, आणि कॉस्टिक सोडा एस्टर तोडतो. तेलापासून साबण बनवताना जी क्रिया होते तीच इथे होते. पॉलिस्टायरिन, एबीएस, पॉलिप्रोपिलीन यांच्या कण्यात एस्टर नाहीत, म्हणून त्यांना काही होत नाही. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुरेख कुलूप-किल्लीचं काम वाटतं. इथे कोण कोणात विरघळतं हा प्रश्नच नाही. रंगाकडे जो जोड आहे आणि प्लास्टिककडे नाही, नेमका तोच तोडायचा.

पण पीएलए आणि पीईटीजी ही दोन्ही प्लास्टिकं स्वतःच एस्टरची बनलेली आहेत. थ्रीडी प्रिंट केलेल्या भागाला कॉस्टिक सोडा दाखवूसुद्धा नका.

कॉस्टिक वापरताना नायट्रिलचे हातमोजे आणि डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा चष्मा हवाच. डोळ्यात गेलं तर ते बुबुळाला कायमची इजा करू शकतं. स्प्रे करायचा असेल तर उघड्यावर, भाग प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून, तोंड बंद करून. अॅल्युमिनियमचं भांडं नको, कारण कॉस्टिक त्याला खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. (जाता जाता: मॉडेलमधले चकचकीत क्रोमचे भाग खरं तर अॅल्युमिनियमच्या अतिपातळ थराने चमकतात. तो थर काढायलाही म्हणूनच कॉस्टिक कामी येतं. खालचा पारदर्शक वार्निशचा थर त्यानंतर वेगळा काढावा लागतो.)

तिसरं ब्रेक ऑइल. जुने मॉडेलवाले याची शपथ घेतात. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलमध्ये ग्लायकॉल इथर असतात आणि ते रंग खरोखर सोडवतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. त्याने रंग तर निघत नाहीच, उलट सिलिकॉनचा पातळ थर मागे राहतो आणि पुढच्या रंगात ते मघाचे गोल खड्डे पडतात. माझं मत विचाराल तर ब्रेक ऑइलच्या वाटेला जायची गरज उरलेली नाही. ते विषारी आहे, हातातून, भांड्यातून पूर्ण निघत नाही, सांडेल तिथला रंग खराब करतं, आणि वापरून झाल्यावर टाकायचं कुठे हा वेगळा प्रश्न. जे त्याने निघतं ते आयपीए किंवा अल्कलीने बहुतेक निघतं.

छोट्या सैनिकांच्या मूर्ती रंगवणाऱ्यांमध्ये डेटॉलचा एक उपाय चालतो. पाइन तेल आणि अल्कोहोल त्यात असल्याने रंग सुटतो खरा. पण सुटलेला रंग पाण्याने धुवायला गेलात की त्याचा डांबरासारखा चिकट गोळा होतो आणि सगळ्या खाचांत जाऊन बसतो. डेटॉलमध्येच घासून, पुसून काढायचं आणि पाणी सगळ्यात शेवटी, हे माहीत नसेल तर तो उपाय करूच नये.

रंग काढायचं म्हणून जे विकतात तेच का नाही वापरायचं?

कारण ते लाकूड आणि धातूसाठी बनवलेलं असतं. त्यांना सॉल्व्हंटने काही होत नाही, म्हणून तिथे जहाल रसायन चालतं. जुन्या पेंट रिमूव्हरमधलं प्रसिद्ध रसायन म्हणजे डायक्लोरोमिथेन. ते पॉलिस्टायरिन आणि एबीएस दोन्ही झपाट्याने विरघळवतं, इतकं की काही प्लास्टिक सिमेंटमध्ये तेच असतं. शिवाय श्वासातून गेलेल्या डायक्लोरोमिथेनचं शरीरात कार्बन मोनॉक्साइड बनतं. बंद जागेत ते वापरताना माणसं दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या पेंट रिमूव्हरमध्ये त्याच्यावर बंदी आणली आणि २०२४ मध्ये निर्बंध आणखी वाढवले.

डब्यावर ‘प्लास्टिकसाठी सुरक्षित’ लिहिलेलं असेल तरी कोणतं प्लास्टिक हे पाहा. ती कापलेली चिलटी जपून ठेवा. तिच्यावर नवीन द्रव रात्रभर टाकून सकाळी नखाने दाबून पाहा. चिकट, मऊ किंवा ठिसूळ झाली असेल तर उत्तर मिळालं.

एवढ्या खटाटोपापेक्षा घासून काढलं तर?

नोजकोनच्या बाबतीत बऱ्याचदा तेच बरोबर. सुरकुत्या किंवा ओघळ आलेला गुळगुळीत भाग असेल, तर रंग पूर्ण काढायची गरजच नसते. पृष्ठभाग पुन्हा सपाट झाला की काम झालं. त्यासाठी रंग आधी पूर्ण कडक होऊ द्या. मऊ रंगावर पॉलिशपेपर फिरवला तर तो गोळे होऊन पेपरात भरतो आणि नुसती चिडचिड होते. मग ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सुरुवात, त्यानंतर ४००, शेवटी ६००. पाण्यामुळे धूळ हवेत उडत नाही आणि घर्षणाने प्लास्टिक तापत नाही. पेपर गोल फिरवत न्या, एकाच जागी रेटू नका, नाहीतर तिथे चपटा भाग तयार होतो आणि चकचकीत रंगाखाली तो नेमका उठून दिसतो.

पॉलिप्रोपिलीनवरचा सुटणारा रंग तर त्याहून सोपा. कड उचलून जाड चिकटपट्टी लावा आणि ओढा. जो रंग टेपने निघतो तो तसाही उड्डाणात टिकणार नव्हता.

द्रवात बुडवण्याचा खरा उपयोग बारीक नक्षी असलेल्या भागांवर. खऱ्या रॉकेटच्या हुबेहूब प्रतिकृतीत रिवेट, पन्हाळी, इंजिनच्या नळ्या असं सगळं साच्यातच उमटवलेलं असतं. तिथे पेपर फिरवला तर रंगाआधी नक्षी जाते. खाचांतला सैल झालेला रंग काढायला लाकडी दातकोरणी घ्या, लोखंडी टोक नको.

वरूनच आणखी एक थर मारला तर काय बिघडलं?

हिशोब करून पाहू. २.५ सेंटिमीटर व्यासाचं आणि ४० सेंटिमीटर लांबीचं रॉकेट धरा. नुसत्या नळीचा पृष्ठभाग ३१४ चौरस सेंटिमीटर भरतो. सुकलेला थर एक सेंटिमीटरच्या चारशेव्या भागाएवढा जाड आणि त्याची घनता पाण्याच्या दीडपट धरली, तर एका थराचं वजन सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. एकट्या नोजकोनवर ते ग्रॅमचा जेमतेम पाचवा भाग. म्हणजे नोजकोनवर एखादा थर जास्त झाला तर आकाश कोसळत नाही. उलट टोक जड झाल्याने रॉकेटची स्थिरता किंचित वाढतेच.

शेपटीकडे मात्र गणित उलटं फिरतं. रॉकेट सरळ जायला त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे बोटावर ते तोललं जातं तो बिंदू, दाबकेंद्राच्या पुढे असावा लागतो. दाबकेंद्र म्हणजे हवेचा सगळा आडवा दाब जणू ज्या एका बिंदूवर पडतो तो. या दोघांमध्ये निदान नळीच्या व्यासाएवढं अंतर हवं, असा रूढ नियम आहे. आपल्या रॉकेटसाठी अडीच सेंटिमीटर. आता मोटरसकट ६० ग्रॅमच्या या रॉकेटच्या फिन कॅनवर, गुरुत्वमध्याच्या २० सेंटिमीटर मागे, दोन ग्रॅम रंग चढला तर गुरुत्वमध्य साधारण साडेसहा मिलिमीटर मागे सरकतो. सुरक्षिततेच्या अंतरातला पाव भाग नुसत्या रंगाने खाल्ला. पंखांवर थरांवर थर चढवून दोष झाकणं म्हणूनच महागात पडतं.

शिवाय खालचा रंग आधीच फुगलेला आणि सैल असेल तर वरचा थर कितीही चांगला असला तरी त्याच्यासोबतच सुटणार.

प्लास्टिक दिसायला ठीक आहे, मग चिंता कसली?

दिसणं आणि असणं यात फरक पडतो. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकमध्ये काही ताण अडकून राहिलेले असतात, विशेषतः कोपऱ्यांत आणि जिथून वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं त्या जागी. अशा ताणलेल्या जागी काही द्रव प्लास्टिकला न विरघळवताही साखळ्यांमध्ये शिरतात आणि केसाहून बारीक चिरा पाडतात. म्हणून भाग बुडवताना तो नळीत घट्ट बसवलेला, वाकवलेला किंवा रबरबँडने आवळलेला नको. तास-दोन तासांनी तपासत राहा. ‘विसरलो, आठवडाभर राहिला’ हा प्रकार टाळा.

बाहेर काढल्यावर फिन कॅनचा प्रत्येक पंख मुळाशी हलकेच वाकवून उजेडात धरा. पांढरी रेघ उमटली किंवा करकर आवाज आला तर तो तुकडा आता शोभेचा. उड्डाणात पंख तुटलेलं रॉकेट कुठे जाईल हे कोणीच सांगू शकत नाही.

पोकळ नोजकोनची आणखी एक गोम. त्यात द्रव शिरतो आणि बुडाच्या छोट्या भोकातून पूर्ण निघत नाही. आत वजनासाठी माती भरलेली असेल तर ती भिजून सुटते. बुडवण्याआधी भोक पक्कं बंद करा. पॅराशूटची दोरी आणि धातूचा हूक काढता येत असेल तर काढून ठेवा.

पुन्हा रंगवताना

भाग कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडने दोनदा धुवा आणि एक दिवस सुकू द्या. त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका. वापरलेला द्रव रंगासकट बेसिनमध्ये ओतू नका, झाकणबंद ठेवून घातक कचऱ्यात द्या. आयपीए मात्र एक-दोन दिवस स्थिर ठेवलं की रंगाचा गाळ तळाशी बसतो आणि वरचं पुढच्या वेळी वापरता येतं.

पॉलिप्रोपिलीन असेल तर ४०० च्या पेपरने मंद करून आधी त्यासाठीचा खास प्राइमर हवा, नाहीतर सगळी गोष्ट पहिल्यापासून. प्राइमर आणि रंग शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्या. थर पातळ, आणि दोन थरांमधली वेळ डब्यावर लिहिली असेल तीच. शंका आली तर भाग नाकाजवळ धरा. सॉल्व्हंटचा वास येतोय म्हणजे तो अजून बाहेर पडतोय, रंग सुकलेला नाही.

एका जागी मात्र रंग अजिबात नको. नोजकोनचा जो गळा नळीच्या आत जातो त्याच्यावर टेप लावूनच स्प्रे मारा. मोटर जळून संपल्यावर एक छोटा स्फोट नोजकोनला बाहेर ढकलतो आणि मागोमाग पॅराशूट निघतं. गळ्यावर रंगाचे दोन थर बसले तर नोजकोन आवळतो, पॅराशूट आतच राहतं आणि रॉकेट टोकावर खाली येतं. रंग सुकल्यावर नोजकोन बसवून रॉकेट उलटं धरा. तो स्वतःच्या वजनाने पडता कामा नये, आणि दोन बोटांनी हलकेच ओढला तर अडता कामा नये. अडत असेल तर गळ्यावर ४०० चा पेपर फिरवा. सैल असेल तर कागदी टेपचा एक वेढा पुरतो.